फूटपट्टीने आवाज मोजणारी नळी: चिमूटभर भुकटीने अणूंचं कोडं कसं सोडवलं?

नळाखाली कळशी लावली आणि आपण दुसऱ्या कामाला लागलो, तरी ती भरत आली की कानाला कळतं. सुरुवातीचा जाड, भरडा आवाज हळूहळू बारीक होत जातो आणि पाणी काठाशी आलं की अगदी चढा लागतो. हे कुणी शिकवलेलं नसतं. तरी घरातलं लहान पोरगंही आतून ओरडतं, "नळ बंद करा, भरली!"

कळशीत पाणी वाढतं तशी वरची हवेची जागा कमी होत जाते. हवेची जागा जितकी लहान, तितका तिचा स्वर वरचा. म्हणजे आपण रोज कानाने हवेची लांबी मोजत असतो, फक्त आकडा काढत नाही.

हा आकडा काढायचं काम अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत एक नळी करते. बहुतेकांनी तो प्रयोग 'रीडिंग' घेऊन, कधी शेजारच्याच्या वहीतून रीडिंग उतरवून, उरकलेला असतो. पण याच प्रयोगाच्या एका भावंडाने १८९० च्या दशकात रसायनशास्त्रातला एक मोठा पेच सोडवायला मदत केली होती. आणि आज तापमान मोजण्याचं जगाचं एकक ज्या आकड्यावर उभं आहे, तो काढतानाही हीच कल्पना वापरली गेली. ही नळी नेमकं करते काय, ते सुरुवातीपासून बघूया.

धावणारा आवाज नळीत थांबतो कसा?

आवाज म्हणजे हवेतले धक्के. स्पीकरचा पडदा पुढे आला की समोरची हवा दाबली जाते, मागे गेला की विरळ होते. ही दाब-विरळ, दाब-विरळ अशी रांग सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने पुढे पळत राहते. स्वतः हवा मात्र पळत नाही. ती जागच्या जागी थोडीशी पुढे-मागे होते आणि धक्का पुढच्या हवेला देते.

मोकळ्या मैदानात हा धक्का निघून जातो. पण एक टोक बंद असलेल्या नळीत तो बंद टोकावर आपटून परत येतो. आता नळीत दोन लहरी आहेत: एक जाणारी, एक येणारी. दोन्ही सारख्याच आणि दिशा मात्र उलट.

मुंबईच्या एखाद्या रेल्वे स्टेशनचा पूल डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंनी गर्दी घुसली आहे आणि तुम्ही बरोबर मधे आहात. डावीकडून रेटा आला, तेवढाच उजवीकडून आला. तुम्ही हलत नाही, पण चेंगरता सगळ्यात जास्त. क्षणभराने दोन्हीकडची गर्दी मागे सरकली, की तुमच्याभोवती एकदम मोकळं होतं. तुम्ही अजूनही तिथेच उभे, पण दाब गेला.

नळीत हेच होतं. काही ठरावीक जागी दोन्ही लहरींचे रेटे एकमेकांना कापतात आणि तिथली हवा जवळजवळ हलतच नाही. या जागेला पाठ्यपुस्तकात निस्पंद म्हणतात. दोन निस्पंदांच्या बरोबर मधे हवा सगळ्यात जास्त पुढे-मागे होते, तो प्रस्पंद. या जागा सरकत नाहीत. म्हणून या प्रकाराला स्थिर तरंग किंवा अप्रगामी तरंग, म्हणजे पुढे न जाणारा तरंग असं नाव आहे.

सगळ्यात कामाची गोष्ट अशी की दोन शेजारच्या निस्पंदांमधलं अंतर बरोबर अर्ध्या तरंगलांबीइतकं असतं. पळणारी लहर पट्टीने मोजता येत नाही. थांबलेली येते.

पुस्तकातलं चित्र आणि एक मोठा गैरसमज

हा धडा शिकताना पुस्तकात एक आकृती असते: नळी आणि तिच्यात सापासारखी वळणं घेणारी रेघ. ती बघून अनेकांना वाटतं की नळीतली हवा वर-खाली होते. तसं अजिबात नाही. हवा नळीच्या लांबीच्या दिशेने, आडवी पुढे-मागे होते. ती वळणदार रेघ म्हणजे आलेख आहे. कुठली हवा किती हलते, एवढंच ती सांगते. रेघ जिथे फुगलेली, तिथे हालचाल जास्त. जिथे दोन रेघा एकमेकींना छेदतात, तिथे शून्य.

दुसरा गोंधळ दाबाचा. 'निस्पंद म्हणजे शांत जागा' असं पाठ केलं की वाटतं तिथे आवाजही नसेल. पुलावरचा माणूस आठवा: तो हलत नव्हता, पण दाबाचे चढउतार त्यालाच सगळ्यात जास्त सोसावे लागत होते. नळीत बारीक मायक्रोफोन सरकवत नेला तर हवेच्या हालचालीचा जिथे निस्पंद, तिथेच तो सगळ्यात मोठा आवाज दाखवतो, कारण साधा मायक्रोफोन हालचाल नव्हे, दाब टिपतो. बंद टोकाशी हवा भिंतीला टेकलेली असते, हलू शकत नाही, म्हणून तिथे नेहमी निस्पंद. उघड्या तोंडाशी ती मोकळी असते, म्हणून तिथे प्रस्पंद.

एवढं डोक्यात असलं की पुढचे सगळे प्रयोग सोपे आहेत.

पहिली नळी: पाणी आणि नादकाटा

कॉलेजातल्या या प्रयोगाचं नाव अनुस्पंदन नळी. उभी नळी, तिच्यात वर-खाली करता येणारं पाणी आणि तोंडाशी धरलेला नादकाटा. नादकाट्यावर आकडा कोरलेला असतो, समजा ५१२. म्हणजे तो सेकंदाला ५१२ वेळा थरथरतो.

पाणी हळूहळू खाली न्या. एका ठिकाणी आवाज अचानक भरून येतो, जणू नळीच गायला लागते. झोक्याला बरोबर वेळेवर धक्का दिला की तो उंच जातो, तसं इथे हवेच्या खांबाला बरोबर वेळेवर धक्का मिळतो. हेच अनुस्पंदन. पाण्याशी निस्पंद, तोंडाशी प्रस्पंद, म्हणजे हवेच्या खांबाची लांबी पाव तरंगलांबी. पाणी आणखी खाली नेलं की काही वेळ आवाज पडतो आणि पुन्हा एकदा भरतो. आता लांबी पाऊण तरंगलांबी.

आकडे घालून बघू. खोलीचं तापमान २५ अंश सेल्सिअस, नळीचा आतला व्यास ३ सेंटिमीटर. पहिला भरीव आवाज १६ सेंटिमीटरच्या आसपास मिळेल, दुसरा ४९.८ च्या आसपास. दोन्हींतला फरक ३३.८. ही झाली अर्धी तरंगलांबी. दुप्पट केली की ६७.६ सेंटिमीटर, म्हणजे ०.६७६ मीटर. तिला ५१२ ने गुणा: सेकंदाला सुमारे ३४६ मीटर. हा तुमच्या खोलीतला आवाजाचा वेग, तोही घड्याळाला हात न लावता.

इथे एक खाच आहे. फक्त पहिलं रीडिंग घेऊन चौपट केली तर उत्तर सुमारे ३२८ येतं, म्हणजे जवळपास पाच टक्के कमी. कारण हवेचा खांब नळीच्या काठाशी संपत नाही. तोंडाबाहेरची थोडी हवाही त्याच्याबरोबर हलते. ही जादा लांबी आतल्या व्यासाच्या साधारण ०.३ पट असते. आपल्या नळीत ०.९ सेंटिमीटर. दोन रीडिंगची वजाबाकी केली की ही जादा लांबी दोन्हीकडून आपोआप कटते. शिक्षक दुसरं रीडिंग घ्यायला का लावतात, त्याचं कारण हे.

तापमान लिहून ठेवायचं कारणही साधं आहे. दर अंशामागे आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. म्हणून तर गार हवेत बासरी थोडी उतरते आणि उन्हाळी दुपारी चढते. नळी तीच असते, आतली हवा बदललेली असते.

दुसरी नळी: भुकटी बोलू लागते

पाण्याच्या नळीत निस्पंद कानाने शोधावा लागतो. तो डोळ्यांना दाखवला जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ऑगस्ट कुंट यांनी, १८६६ मध्ये.

त्याआधी १७८७ मध्ये अर्न्स्ट क्लाड्नी यांनी धातूच्या पत्र्यावर वाळू टाकून, कडेवर गज फिरवून वाळूच्या सुंदर आकृत्या दाखवल्या होत्या. पत्रा जिथे हलत नाही तिथे वाळू गोळा होते. कुंट यांनी असंच काहीसं हवेसाठी केलं. आडव्या काचेच्या नळीत त्यांनी लायकोपोडियम पसरलं. ही क्लबमॉस नावाच्या वनस्पतीच्या बीजाणूंची अतिशय हलकी, पिवळसर भुकटी. आजच्या प्रयोगशाळांत तिच्याऐवजी बुचाची बारीक भुकटीही चालते.

नळीचं एक टोक बंद. दुसऱ्या टोकातून एक धातूचा दांडा आत येतो, त्याच्या टोकावर नळीत सैल बसणारी चकती. दांडा बरोबर मधोमध घट्ट आवळलेला. बाहेरच्या अर्ध्या भागावरून राळ लावलेलं कातडं लांबीच्या दिशेने ओढलं की दांडा कर्कश किंचाळतो, चकती थरथरते आणि नळीतली हवा गायला लागते. बंद टोक पुढे-मागे करून लांबी जुळवली की क्षणात भुकटी जागची उठते.

प्रस्पंदाच्या जागी हवा जोरात पुढे-मागे होते, म्हणून तिथली भुकटी खळबळते आणि तिच्या बारीक आडव्या भिंती उभ्या राहतात. निस्पंदाशी सगळं शांत. आवाज थांबला तरी नक्षी तशीच राहते. पट्टी लावा, एका निस्पंदापासून पुढच्या निस्पंदापर्यंत मोजा, झाली अर्धी तरंगलांबी. एकच अंतर मोजण्यापेक्षा सलग आठ-दहा अंतरं मोजून भागाकार केला की चूक आणखी कमी होते.

यात एक सुंदर युक्ती दडलेली आहे. मधे आवळलेल्या दांड्याची लांबी म्हणजे दांड्यातल्या आवाजाची अर्धी तरंगलांबी, आणि भुकटीतलं अंतर म्हणजे हवेतल्या आवाजाची अर्धी तरंगलांबी. थरथर दोन्हीकडे एकच. म्हणजे दोन लांबींचं गुणोत्तर हेच दोन वेगांचं गुणोत्तर! पितळेचा १ मीटरचा दांडा घेतला तर भुकटीतलं अंतर सुमारे १० सेंटिमीटर येतं. म्हणजे पितळेत आवाज हवेच्या जवळजवळ दहापट वेगाने जातो. नादकाटा नको, वारंवारता माहीत असायची गरज नाही, फक्त पट्टी.

हीच युक्ती वायूंनाही लागू होते. नळीत हवेऐवजी दुसरा वायू भरा, दांडा तोच ठेवा आणि अंतर पुन्हा मोजा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरी किंवा शाळेत करायचं असेल तर

राळ आणि पितळी दांडा नसला तरी चालतो. साधारण १ मीटर लांबीची पारदर्शक अॅक्रिलिक नळी, ४-५ सेंटिमीटर व्यासाची, एका टोकाला घट्ट बूच. आत थर्मोकोलचे सगळ्यात बारीक मणी, नळीच्या तळाशी पातळ थर होईल इतकेच. दुसऱ्या टोकाला छोटा ब्लूटूथ स्पीकर टेपने बसवा. मोबाइलवर टोन जनरेटरचं कुठलंही मोफत अॅप घ्या.

साधारण ५०० हर्ट्झपासून सुरू करून आकडा सावकाश वाढवत जा. बहुतेक ठिकाणी मणी ढिम्म राहतील. मग एका आकड्याला नळीचा आवाज भरेल आणि मणी नाचायला लागतील. तिथून एक-एक हर्ट्झ पुढे-मागे करून नाच सगळ्यात जोरात कुठे होतो ते शोधा. ३० अंश तापमानात ७०० हर्ट्झच्या आसपास मण्यांची नक्षी साधारण दर २५ सेंटिमीटरला पुन्हा येईल, १४०० ला दर साडेबारा सेंटिमीटरला. वारंवारता दुप्पट, अंतर निम्मं. वर्गाला हे दाखवलं की सूत्र फळ्यावर लिहायच्या आधीच मुलं ते सांगतात.

थोडी काळजी:

- मणी नळीला चिकटत असतील तर ती स्थिर विजेची करामत. नळी आतून ओलसर फडक्याने पुसून वाळू द्या.
- पावसाळ्यात बुचाची भुकटी ओल धरते आणि गोळे होतात. ती आधी उन्हात वाळवा.
- एकसुरी मोठा आवाज कानाला त्रासदायक असतो. टोन थोडाच वेळ चालू ठेवा.
- जुनी ट्यूबलाइट फोडून काचेची नळी मिळवायचा विचार करू नका. तिच्यात पारा असतो.

रील्समधली आगीची नळी

सोशल मीडियावर गाण्याच्या तालावर नाचणाऱ्या ज्वाळांची रांग तुम्ही पाहिली असेल. ती याच घराण्यातली. कुंट यांचे विद्यार्थी हाइनरिश रुबेन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती दाखवली. धातूच्या लांब नळीला वरून ओळीने बारीक भोकं, आत ज्वलनशील वायू, एका टोकाला ताणलेला पडदा आणि त्याच्याशी स्पीकर. भोकांतून येणारा वायू पेटवला की एकसारख्या ज्वाळा उभ्या राहतात. योग्य स्वर लावला की काही उंच होतात, काही बसतात आणि आतल्या स्थिर तरंगाचा आकार आगीत दिसतो.

दिसायला हा प्रयोग भुकटीपेक्षा कितीतरी भारी आहे. पण तो घरी करायचा नाही. गॅस गळती, भडका, स्फोट, काहीही होऊ शकतं. हा प्रशिक्षित माणसांनी, सुरक्षेची सोय असलेल्या प्रयोगशाळेतच करायचा.

या व्हिडिओत एक गंमत मात्र बघता येते. ज्वाळांमधलं अंतर मोजून आवाजाचा वेग काढला तर तो ३४० येत नाही, बराच कमी येतो. प्रयोग चुकलेला नसतो. नळीत हवा नाही, गॅस आहे. प्रोपेन वायूत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे २५० मीटरच असतो. वायू बदलला की वेग बदलतो. मग उलट विचार करता येईल का? वेगावरून वायू ओळखता येईल का?

न्यूटनचं चुकलेलं गणित

१६८७ मध्ये न्यूटनने हवेतल्या आवाजाचा वेग कागदावर काढला. त्याचं उत्तर खऱ्या वेगापेक्षा सुमारे १५ टक्के कमी आलं. तर्क बरोबर होता: हवा जितकी दाबायला कठीण तितका धक्का वेगाने पुढे जाणार, आणि जितकी जड तितका हळू. मग चुकलं कुठे?

उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लाप्लास यांनी दिलं. सायकलचा पंप भराभर मारला की तो गरम होतो, कारण हवा झटकन दाबली की तापते. आवाजात हवा सेकंदाला शेकडो वेळा दाबली जाते, त्यामुळे ही उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तापलेली हवा जास्त जोराने उलट ढकलते. म्हणून ती न्यूटनने धरली होती त्यापेक्षा ताठ वागते आणि आवाज जास्त वेगाने जातो.

हा ताठपणा एका आकड्यात सांगता येतो. त्याला गॅमा म्हणतात. हवेसाठी तो १.४० आहे.

आता खरी गोष्ट. हा आकडा वायूच्या रेणूत किती अणू आहेत यावर अवलंबून असतो. रेणू एकाच अणूचा असेल, तर त्याला दिलेली सगळी ऊर्जा इकडून तिकडे धावण्यात जाते. वायू जास्त तापतो, जास्त ताठ वागतो: गॅमा १.६७. रेणू दोन अणूंचा, डंबेलसारखा असेल तर काही ऊर्जा त्याला गरगरवण्यात खर्च होते. वायू कमी तापतो: गॅमा १.४०. तीन किंवा जास्त अणू असतील तर आणखी कमी.

म्हणजे आवाजाचा वेग आणि वायूची घनता माहीत असली, की न दिसणाऱ्या रेणूत एकच अणू आहे की जास्त, ते सांगता येतं. आणि वेग मोजायला काय लागतं? नळी, भुकटी, पट्टी.

कुंट आणि एमिल वारबुर्ग यांनी १८७६ मध्ये हे करून दाखवलं. पारा ३५७ अंशाला उकळतो, त्याच्या तप्त वाफेत त्यांनी हा प्रयोग केला. गॅमा १.६७ आला. पाऱ्याच्या वाफेत अणू एकएकटे फिरतात, हा सिद्धान्त नळीने खरा ठरवला.

कशाशीच न बोलणारा वायू

इंग्लंडमध्ये लॉर्ड रॅले नायट्रोजनची घनता मोजत होते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन रसायनांपासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा जड भरत होता. फरक फक्त अर्ध्या टक्क्याचा. दुसऱ्या कुणी तो 'चालतंय' म्हणून सोडला असता. रॅले आणि विल्यम रॅमसे यांनी त्याचा पाठलाग केला आणि हवेतून एक नवा वायू वेगळा केला. ऑगस्ट १८९४ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं. वायूचं नाव आर्गॉन, ग्रीक भाषेत 'आळशी'.

नाव साजेसं होतं, कारण तो कशाशीच संयोग करत नव्हता. इथेच रसायनशास्त्रज्ञांचे हात बांधले गेले. एखाद्या मूलद्रव्याचं अणुवस्तुमान ठरवायचं तर त्याची संयुगं हवीत. संयुगंच नाहीत, तर ठरवणार कसं? घनतेवरून रेणू हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे ४० पट जड आहे हे कळत होतं. पण तो ४० चा एक अणू, की २० चे दोन? आवर्तसारणीचे जनक मेंडेलीव्ह यांना तर शंका होती की हे नवं मूलद्रव्यच नाही; नायट्रोजनचे तीन अणू चिकटून बनलेला रेणू असावा. त्याचं वजनही ४२ भरलं असतं.

मग कुंटची नळी कामाला आली. गणित करून बघा: २० अंश तापमानाला, २००० हर्ट्झच्या आवाजाला, आर्गॉनचा रेणू एका अणूचा असेल तर भुकटीतलं अंतर सुमारे ८ सेंटिमीटर यायला हवं. दोन अणूंचा असेल तर ७.३. फरक ७ मिलिमीटरचा. शाळेच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर दिसेल इतका.

नळीचा कौल एका अणूच्या बाजूने पडला. म्हणजे अणुवस्तुमान ४०.

सगळ्यांना हे लगेच पटलं नाही. ४० मानलं तर आर्गॉन आवर्तसारणीत पोटॅशियमच्या आधी येतो, पण वजनाने त्याच्यापेक्षा जड ठरतो, आणि त्या काळी सारणी वजनाच्या क्रमाने लावलेली होती. पण १८९५ मध्ये रॅमसेंना हेलियम मिळाला, तोही एकअणू वायू. १८९८ मध्ये निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन सापडले आणि आवर्तसारणीत एक अख्खा नवा रकाना उभा राहिला. वजनाचा तिढा १९१३ नंतर मोझली यांच्या कामातून सुटला, जेव्हा सारणीचा खरा क्रम वजनाचा नसून अणुक्रमांकाचा आहे हे स्पष्ट झालं. नळीने सांगितलेलं ४० बरोबरच होतं. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचं आणि रॅमसे यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

ऑगस्ट कुंट यांना हे बघायला मिळालं नाही. आर्गॉनची घोषणा होण्याच्या तीन महिने आधी, मे १८९४ मध्ये ते गेले.

आणि आजचं काय?

ही नळी संग्रहालयात गेलेली नाही. सभागृहाच्या भिंतींना लावायचे पॅनेल किती आवाज शोषतात, हे आजही तशाच नळीच्या टोकाला पॅनेलचा तुकडा बसवून तपासतात. आवाज पूर्ण परतला तर नळीत ठसठशीत निस्पंद बनतात, शोषला गेला तर ते पुसट होतात.

सगळ्यात मोठं काम मात्र तापमानाचं. २० मे २०१९ पासून केल्विन या एककाची व्याख्या बदलली. आता ती बोल्ट्झमन स्थिरांक नावाच्या एका ठरावीक आकड्यावर आधारलेली आहे. तो आकडा ठरवण्याआधी प्रयोगशाळांनी तो अत्यंत काटेकोरपणे मोजला. त्यातल्या सर्वांत अचूक पद्धतींपैकी एक अशी होती: जवळजवळ गोल अशा धातूच्या भांड्यात वायू भरायचा, स्थिर तरंग उभे करायचे आणि कुठल्या स्वरांना भांडं गातं ते नोंदवायचं. त्यावरून आवाजाचा वेग, आणि वेगावरून स्थिरांक. अनिश्चितता दहा लाखांत एका भागाहून कमी.

अशा मोजमापांत भांड्यात भरलेल्या वायूंपैकी एक होता आर्गॉन. त्याचा रेणू एकाच अणूचा, त्यामुळे गॅमाबद्दल शंका नाही. ज्या वायूचा स्वभाव एकेकाळी नळीतल्या भुकटीने उलगडला, त्याच वायूतल्या आवाजाने जगाचा अंश ठरवायला मदत केली.

तेव्हा घरात कुणी अकरावी-बारावीला असेल आणि 'रेझोनन्स ट्यूबचं रीडिंग दे ना उतरवायला' असा मेसेज त्यांच्या ग्रुपवर फिरत असेल, तर त्यांना एवढंच सांगा: ते रीडिंग स्वतः घ्या. पाच मिनिटांचं काम आहे. तुमच्या नळीतून येणारा आकडा तुमच्या खोलीतल्या त्या दिवशीच्या हवेचा असतो, तो दुसऱ्या कुणाच्या वहीत मिळत नाही.